चार वाजून दहा मिनिटांचा फोन

ती घटना आजही आठवते, एवढं म्हणून माझं भागणार नाही. नोकरीतली बरीच प्रकरणं आता आठवायला बसलं तरच आठवतात. हे एक कधी विसरलोच नाही. बारा-तेरा वर्षांत ते मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. आता सांगतो आहे, कारण एका बाईने मला ते लिहून मागितलं आहे.

तेव्हा मी भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शिपाई म्हणून भरती होऊन सहायक निरीक्षकापर्यंत चढलेला, निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरलेली. नावं कुणाचीच देत नाही. जो गेला त्याला दाजी म्हणतो, कारण फोनवर तेच नाव माझ्या कानावर पडलं होतं. फोन करणारा त्याचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ.

या भागात मे महिन्यात धरणाचं पाणी खूप मागे सरकतं. काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो, वरून वाळून भेगाळलेला आणि पाण्याजवळ घोट्याएवढा मऊ. भातखाचरांत त्या दिवसांत काम नसतं, म्हणून वाडीवरची माणसं मासे धरतात. ट्रकच्या ट्यूबवर बसून आत जायचं, जाळं सोडायचं, दुपारनंतर ओढायचं. चिलापी मिळते, नशीब असेल तर कटला. पावसाळ्यातला पाऊस घाटाकडून, पश्चिमेकडून येतो आणि दोन दिवस आधी कळतो. वळीव उलट्या अंगाने, पूर्वेकडून येतो आणि अर्ध्या तासात डोक्यावर असतो. ढग भरून आले की मासा वर येतो, असं ही माणसं सांगतात. त्यामुळे ज्या वेळी पाण्याबाहेर पळायचं, नेमक्या त्याच वेळी त्यांचा पाय निघत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी दोघं बुडून मेले होते. तेव्हा मी स्वतः वाडी-वाडीवर बैठका घेतल्या होत्या. जाळं टाकणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ठाण्याचा नंबर घालून दिला होता. "काही झालं तर आधी आम्हाला कळवायचं," असं बजावलं होतं. मेव्हण्याच्या मोबाईलमध्ये तो नंबर आमच्याच शिपायाने घातला होता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्याच सुमाराला एका विहिरीत प्रेत सापडलं होतं. आम्ही पोहोचायच्या आत गावकऱ्यांनी ते बाहेर काढून, धुऊन, चादरीत गुंडाळून ठेवलं. घातपाताचा संशय होता, पुरावा गेला, आणि वरिष्ठांनी माझा लेखी खुलासा मागवला. तो राग मी विहिरीत उतरलेल्या माणसावर काढला. जबाबासाठी म्हणून चार महिने त्याला ठाण्यात हेलपाटे घालायला लावले. साऱ्या पंचक्रोशीला ते माहीत होतं. तेव्हापासून प्रेताची खबर आली की माझ्या तोंडून पहिलं वाक्य एकच निघायचं, आम्ही येईपर्यंत हात लावायचा नाही.

त्या दुपारी साडेतीनलाच अंधारून आलं. धुळीची वावटळ उठली, ठाण्याच्या पत्र्यावर आंब्याची फांदी आदळली, वीज गेली. चारच्या सुमारास पलीकडच्या डोंगराकडे असा कडाका झाला की लॉकअपमधला दारुडासुद्धा शुद्धीवर आला. "साहेब, मी काय केलं न्हाई," तो ओरडला. आम्ही सगळे हसलो. मग गारा सुरू झाल्या.

टेबलावर हवालदार होते, माझ्यापेक्षा वर्षा-दीड वर्षाने लहान, जुने. फोन त्यांनीच उचलला. थोडं ऐकून रिसीव्हर माझ्याकडे दिला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं.

"साहेब, दाजींवर वीज पडली," पलीकडून आवाज आला. "जाळं वढत व्हते. काठाला हायती, पालथं पडल्यात."

"मेला का?"

"न्हाई साहेब. ऊब हाय. घरघर लागलीया. कुशीवर वळवू का?"

इथे खरं तेच लिहितो. मी हे शब्द स्पष्ट ऐकले. गारांचा आवाज होता, पण ऐकले. इतक्या वर्षांत मी पाहिलं होतं की नातेवाईक हमखास म्हणतात, अजून ऊब आहे. थंडगार प्रेताजवळ बसूनही म्हणतात. हाही त्यातलाच, असं मी क्षणात ठरवून टाकलं.

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "आम्ही निघालोच."

"पर साहेब, वळवू तरी का? त्वांड चिखलात हाय."

"एकदा सांगितलेलं कळत नाही का? पंचनामा व्हायचाय. हात लावलास तर तुलाच आत घेईन."

"व्हय साहेब," तो म्हणाला. फोन कट झाला.

निघालोच, असं म्हणालो होतो. निघालो नाही. गारांत जीप काढायला ड्रायव्हर तयार नव्हता आणि मीही आग्रह केला नाही. मेलेल्या माणसाला काय घाई, असं वाटलं. पत्र्याखाली उभं राहून चहा घेतला. पाच वाजून गेल्यावर पोलीस पाटलांना फोन करून निघालो. वाटेत एक झाड पडलेलं होतं, ते ओढण्यात वेळ गेला. वाडीचे पोलीस पाटील आणि दोन पंच रस्त्याला येऊन थांबले होते. "वीज पडताना साऱ्या वाडीनं बघितली साहेब," पाटील म्हणाले, "पर ती माणसावर पडली ह्ये तुमचा फोन आला तवा कळलं." त्यांना घेऊन काठावर उतरलो तेव्हा सहा वाजले होते. पाऊस थांबला होता. पश्चिमेला लख्ख ऊन पडलं होतं आणि सगळा काठ चकाकत होता.

दाजी पाण्यापासून पाच-सहा पावलांवर पालथे पडलेले होते. त्यांच्या अंगावर वाकून मेव्हणा उभा होता. खताची रिकामी गोणी उसवून त्याने ती दोन्ही हातांनी ताणून दाजींच्या डोक्यावर धरली होती. अंगाला कुठे टेकू न देता. गारांनी त्याचं कपाळ फुटलं होतं, मानेवर टेंगळं आली होती. पाऊस थांबून अर्धा तास झाला असेल, तरी हात खाली आले नव्हते.

आम्हाला पाहून त्याने मान वर केली. "हात लावला न्हाई साहेब," तो म्हणाला.

मी खाली बसलो. पाठीवर झाडाच्या फांद्यांसारखी लाल नक्षी उमटली होती, ती विजेची खूण. गळ्यातल्या बारीक साखळीखाली कातडी करपली होती. पण मी पाहत राहिलो ते तोंडाकडे. वरचा पाऊस गोणीने अडवला होता, पण उतारावरचं पाणी वाहून त्या खोलगट जागी साचलं होतं. नाक-तोंड चिखलपाण्यात होतं. नाकाजवळ त्या पाण्यावर बारीक फेस होता.

"पाणी नाकाशी आलं तवा वाटलं वळवावं," मेव्हणा माझ्या मागे उभा राहून म्हणत होता. "टेकाडावर जाऊन परत फोन लावला. मोबाईल भिजला व्हता, लागंना. मग म्हणलं, सायेब येतीलच."

फेस म्हणजे त्या पाण्यात श्वास चालू होता, हे त्या क्षणी मला कळलं. पंचनाम्यात मी प्रेताची स्थिती लिहिली, विजेच्या खुणा लिहिल्या, जाळं आणि ट्यूब लिहिली. गोणी लिहिली नाही. फेस लिहिला नाही.

ठाण्यात परतलो तेव्हा स्टेशन डायरीत त्या फोनची नोंद व्हायची होती. वीज गेल्यामुळे सगळं खोळंबलं होतं. हवालदारांनी मेणबत्तीच्या उजेडात डायरी उघडली आणि पेन हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं.

"वेळ काय घालू साहेब?"

"पाच दहा."

ते थांबले. "साहेब, घड्याळ..."

"पाच दहा. निघालो पाच पंधरा."

त्यांनी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य होतं.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झालं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, विजेचा धक्का आहेच. पण हा माणूस त्यानंतर बराच वेळ श्वास घेत होता, तासभर तरी. चिखलाचं पाणी छातीत गेलंय. कुणी नुसता कुशीवर वळवला असता तरी..." अहवालातही त्यांनी हे मोजक्या शब्दांत नमूद केलं.

अकस्मात मृत्यूची नोंद तिथेच मिटली असती. पण आठवड्याने दाजींचा थोरला भाऊ अर्ज घेऊन आला. अहवाल त्याने कुणाकडून तरी वाचून घेतला होता. त्याचा हिशोब सरळ होता. वाडीने वीज पडताना पाहिली ती चारला. पोलिसांना फोन गेला पाच दहाला. मधला सव्वा तास मेव्हणा काय करत होता? होळीला दोघांचं जाळ्यावरून वाजलं होतं, वाडीने ऐकलं होतं. "त्यानं माझ्या भावाला जाणून मरू दिला," असं अर्जात लिहिलेलं होतं. अर्जाच्या खाली दाजींच्या बायकोचा, म्हणजे मेव्हण्याच्या सख्ख्या बहिणीचा अंगठा होता.

त्यातला एक तास मी तयार केला होता, माझ्या टेबलावर बसून.

मेव्हण्याला बोलावलं. तो धुतलेला सदरा घालून आला. बाहेर बाकावर बहीण बसली होती, तिने तोंड फिरवलं. मी दार लोटून घेतलं, पण कडी घातली नाही.

"वीज पडल्यावर काय केलंस?"

"टेकाडावर पळालो. रेंज तितंच असती. तुमास्नी फोन लावला."

"किती वाजता?"

"घड्याळ न्हवतं साहेब. लगेच लावला. गारा चालू झाल्या तवाच."

"डायरीत पाच दहा आहे."

तो माझ्याकडे पाहत राहिला. चौकशीत समोरचा खोटं बोलतो तेव्हा त्याचे डोळे कुठे जातात, हे मी तीस वर्षं पाहत आलो होतो. त्या दिवशी माझे डोळे टेबलावरच्या पेपरवेटवर होते.

"आसं कसं हुईल?" तो म्हणाला. "तुमीच तर बोलला. हात लावू नको म्हणला. म्या दोनदा इचारलं, वळवू का म्हणून."

दार उघडलं. बहीण आत आली होती. बाहेर सगळं ऐकू गेलं होतं. ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"साहेब, ह्यो साऱ्या वाडीला ह्येच सांगत फिरतोय," ती म्हणाली. "तुमी सांगितलं म्हणून हात लावला न्हाई म्हणतोय. खरं हाय का?"

टेबलामागे हवालदार उभे होते. पंखा फिरत होता. दोन शब्दांचं उत्तर होतं. खरं आहे, एवढं म्हटलं असतं तर माझी चौकशी लागली असती, कदाचित निलंबन झालं असतं, पेन्शन अडकली असती. मुलीचं लग्न ठरलेलं होतं. हे सगळं मनात आलं, आणि आलं तेवढ्यात मी बोलूनही गेलो.

"ताई, जिवंत माणसाला हात लावू नका, असं पोलीस कसे सांगतील?"

ती भावाकडे वळली. ओरडली नाही. "घोट्याएवढ्या पाण्यात, रं," ती म्हणाली. "घोट्याएवढ्या."

मेव्हण्याने आधी हवालदारांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला समजलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने हात जोडले.

"मग माझंच काय तरी चुकलं आसंल," तो म्हणाला.

तपासात यश मिळालं की आम्ही म्हणतो, धागा हाती लागला. या प्रकरणात धागा पहिल्या मिनिटापासून माझ्याच हातात होता. मोबाईल कंपनीकडून कॉलचा तपशील मागवला असता तर वेळ एका दिवसात सिद्ध झाली असती. तपास अधिकारी मी. मी तो मागवला नाही. घातपाताचा पुरावा नाही, मृत्यू नैसर्गिक आपत्तीने, असा अहवाल देऊन प्रकरण बंद केलं. मेव्हण्यावर गुन्हा दाखल होऊ दिला नाही, म्हणजे मी त्याचं भलंच केलं, अशी समजूत काही वर्षं करून घेतली. कागदावर तो सुटला. पण वाडीत कुणी त्याच्याबरोबर पाण्यावर जाईना. त्याने जाळं सोडलं आणि रोजंदारीला लागला. निवृत्त होऊन मी पुण्यात मुलाकडे राहायला गेलो.

गेल्या उन्हाळ्यात भोरला एका लग्नाला निघालो होतो. कापूरहोळला गाडीचं चाक बसलं. पंक्चरच्या दुकानात खुर्चीवर ते हवालदार बसलेले. दुकान त्यांच्या मुलाचं. त्यांनी चहा मागवला. बराच वेळ गुडघेदुखी, पेन्शन, साखर असं बोलणं झालं. मग ते म्हणाले, "साहेब, तो मेव्हणा गेला. दिवाळीच्या आधी. काविळीनं."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"बहीण मातीला आली नाही," ते म्हणाले. "मी गेलो होतो. मला वाटलं, कुणी तरी जायला पाहिजे." मग त्यांनी विचारलं, "साहेब, आता कोणासाठी गप्प बसायचं?"

लग्न संपवून मी पुण्याला परतलो नाही, भोंगवलीला गेलो. दाजींची बायको आता तिथे लेकीकडे राहते, हे त्यांनीच सांगितलं होतं. दुपारची वेळ होती. ती ओसरीवर लसूण सोलत बसली होती. केस पांढरे झालेले. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"या साहेब," ती म्हणाली. लेकीला पाणी आणायला सांगितलं.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. चार दहा सांगितलं, ऊब सांगितली, दोनदा विचारलं ते सांगितलं, चहा सांगितला. गोणीचं सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला.

"म्हंजी गोणी खरी व्हती?" ती म्हणाली. "त्यो सांगायचा. म्या म्हणायची, नाटकं करतंय."

"खरी होती. दीड-पावणेदोन तास धरून उभा होता. कपाळ फुटलं होतं त्याचं."

"ते म्या बघितलं व्हतं. कुटं तरी पडला आसंल म्हणलं." तिने सोललेल्या पाकळ्या एका बाजूला सारल्या. "दर भाऊबीजंला यायचा, साहेब. हितं बी यायचा, पासलीच्या वाडीवरनं दोन एस्ट्या बदलून. म्या आत जाऊन बसायची. लेक ववाळायची त्याला. म्या आतनं ऐकायची. मामा, चा घेतूस का, म्हणायची ही. त्यो म्हणायचा, आक्का भाईर येती का बघ. न्हाई आली तर ऱ्हाऊ दे."

लेक दारात तांब्या घेऊन उभी होती. तिने तो खाली ठेवला आणि आत निघून गेली.

मी माफी मागितली. त्या बाईने ते ऐकलं की नाही, मला माहीत नाही. मग तिने विचारलं, "ऊब व्हती म्हंजी, साहेब, किती येळ व्हती?"

"तासभर तरी, असं डॉक्टर म्हणाले होते," मी म्हणालो. त्याहून नेमका तपास मी केला नव्हता.

निघताना तिने मला थांबवलं. रडत नव्हती. आवाज मात्र त्या दिवशी ठाण्याच्या उंबऱ्यात होता तसाच होता.

"तवा वहीत लिवलं व्हतं न्हवं तुमी?"

"हो."

"मग आता बी लिवा. त्वांडानं सांगून काय उपेग? माझी भावजय हाय, तिची पोरं हायती. त्यास्नी वाडीत अजून लोक बोलत्यात. लिवून छापा. म्या ते घिऊन तिच्या दारात जाणार हाय. रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

या प्रकरणाने काय शिकवलं, असं विचाराल तर एकच उपयोगाची गोष्ट सांगतो. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावा. पालथा असेल तर वळवा, तोंडातला चिखल काढा, श्वास नसेल तर छाती दाबा, आणि पंचनाम्याची काळजी पोलिसांना करू द्या. ठाण्यातून कुणीही काहीही सांगितलं तरी. बाकी जे शिकलो ते फार उशिरा शिकलो, आणि त्याचा त्या दोघांना काही उपयोग नाही.

ती डायरी आता माझ्या ताब्यात नाही. मुदत संपल्यावर तसे कागद नष्ट होतात. त्यामुळे जी नोंद त्या संध्याकाळी व्हायला हवी होती, ती इथे करतो.

दुपारी चार वाजून दहा मिनिटे. मयताच्या मेव्हण्याने ठाण्यात फोन करून खबर दिली की दाजींवर वीज पडली असून ते जिवंत आहेत, अंगात ऊब आहे, श्वास चालू आहे. त्यांना कुशीवर वळवावे काय, असे त्याने दोन वेळा विचारले. प्रभारी अधिकाऱ्याने हात न लावण्याबाबत ताकीद दिली व तासभर ठाण्यातच थांबला. खबर देणारा आदेशाप्रमाणे, गारा अंगावर घेत, अधिकारी येईपर्यंत दाजींवर गोणी धरून उभा होता. खबर देणाऱ्याचा काही दोष नाही.